जागेपणाची चकती

आधी चकती बघून घेतो.

गोल आहे. गोलात फुली आहे. मान वळवली, अंगणातल्या चिंचेकडे पाहिलं, परत चकतीकडे पाहिलं. फुलीच आहे. म्हणजे मी जागा आहे, आणि ही गोष्ट जागेपणी सांगितलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मधूनमधून मी अशी खात्री करून घेत जाईन. कोणी रागावू नये. एकदा अशीच रीतसर खात्री करून घेतली आणि तरीही चुकलो, त्याचीच ही हकिगत आहे.

मी अहेरीच्या लाकूड डेपोत कारकून. नाव ईश्वर, पण आई इसरू म्हणायची म्हणून सगळे इसरूच म्हणतात. साहेबसुद्धा रागावले की ईश्वर म्हणतात आणि खूश असले की इसरू. मला बहुतेक ईश्वर म्हणतात.

आई वारली, आणि वारल्यावर ती दुपारची यायला लागली.

रात्री मला स्वप्नं पडत नाहीत. रात्री आमच्याकडे डास असतात. माझी सगळी स्वप्नं रविवारी दुपारी जेवणानंतरची. लोक दुपारच्या झोपेला नावं ठेवतात, पण दुपारच्या झोपेत माणूस फार लांब जात नाही. स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येत राहतात, आणि त्या आवाजाच्या आडोशानं आई यायची. उंबऱ्याशी बसायची, सूप घ्यायची आणि तांदूळ पाखडता पाखडता पहिलं वाक्य टाकायची.

"इसरू, माही छत्री कुठी आहे?"

ही छत्री नागभीडच्या बाजारात हरवली. आईचं म्हणणं, मी हरवली. माझं म्हणणं, तिनं ती शेजारच्या सुगंधाबाईला दिली आणि विसरली. हा वाद ती जिवंत असताना मिटला नाही, आणि वारल्यामुळे त्यात काही फरक पडला नाही. स्वप्नात आम्ही अर्धी दुपार छत्रीवर भांडायचो. मग भागीरथा, म्हणजे माझी बायको, चहाचं भांडं आपटायची आणि मी जागा व्हायचो. जागा झालो की डोक्यावर हात मारून घ्यायचो. आई समोर बसली होती, तोंडानं बोलत होती, आणि जे विचारायचं ते विचारलंच नाही!

विचारायचं ते असं.

आई गेली तेव्हा मी चांद्याला खात्याच्या परीक्षेला बसलो होतो. तिच्याजवळ सुगंधाबाई होती. शेवटचं पाणी पाजताना आई तिला म्हणाली, "सुगंधा, इसरूले सांगजो का ते..." आणि गेली.

आमच्याकडचा 'का' म्हणजे 'की'. का ते काय?

परीक्षेत मी पास झालो. एवढंच त्या दिवसाचं उत्तर मला मिळालेलं आहे.

बाकी उत्तरं लोकांनी दिली. सुगंधाबाईच्या मते आईला बांधावरच्या कुंपणाचं सांगायचं होतं, कारण त्या कुंपणापलीकडे सुगंधाबाईचा नावडता दीर राहतो. भागीरथा म्हणाली, "का ते सुनेले नीट वागव. दुसरं काय असंन?" आमच्या डेपोतला करवत्या वारलूभाऊ म्हणाला, चुलीखाली काहीतरी पुरलेलं आहे, जुन्या बायकांचं हेच असते. हे माझ्या चुलतभावाच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. त्यानं मला न विचारता गावच्या घरातली आईची चूल खणून काढली. चुलीखाली काय निघालं, तर आणखी एक चूल. तिच्याआधीची, आजीची असावी. तीही खणू का, असं त्यानं विचारायला पाठवलं. मी नको म्हटलं. माणसानं कुठंतरी थांबावं.

(चकती: फुली. जागा आहे.)

ही चकतीची विद्या मला पत्रू मास्तरांनी दिली. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात मनाच्या शक्तीवर बोलतात. मार्कंड्याच्या जत्रेत त्यांना एक साधू भेटला होता. त्यानं त्यांना स्वप्नात जागं राहायची युक्ती सांगितली. मास्तरांनी ती स्वतः करून पाहिली नव्हती. शिकवण्यासाठी ते लागत नाही, असं त्यांचं मत आहे.

"स्वप्नात माणसाले अक्कल नसते, इसरूभाऊ," मास्तर म्हणाले. "बैल बोलला तरी तो म्हणते, असंन, बोलत असंन. इथीच तो फसते. तुम्ही एक खूण धरा. कोणतंही चिन्ह. दिवसभर त्याले पाहा, मान फिरवा, पुन्हा पाहा. जागेपणी चिन्ह बदलत नाई. स्वप्नात बदलते. दिवसभर सवय लावली का झोपेतबी हात आपोआप खुणेकडे जाते. चिन्ह बदललं का समजायचं, हे स्वप्न आहे. मंग तुम्ही राजे. ज्याले बोलवा तो येते. जे विचारा ते सांगते."

"आईबी सांगंल?"

"काऊन नाई सांगणार? स्वप्न तुमचं आहे."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर माझा पाय आज सरळ असता.

खूण शोधायला लांब जावं लागलं नाही. डेपोत येणाऱ्या प्रत्येक सागाच्या टोकावर सरकारी हातोड्याचा ठोका असतो. आमच्या हातोड्याची खूण गोलात फुली. ती खूण असली की लाकूड सरकारचं, नसली की चोरीचं. जगात इतकी ठाम गोष्ट दुसरी मला माहीत नव्हती. वारलूभाऊनं एका किडक्या नगाचं, म्हणजे ओंडक्याचं, टोक करवतीनं कापून दिलं. भाकरीएवढी चकती, मधोमध फुली. ती मी कोटाच्या खिशात ठेवली. कोट त्या बाजूनं लोंबायला लागला.

मास्तरांनी सांगितलं होतं की काही विचित्र दिसलं की लगेच खूण पाहायची. पण सरकारी कचेरीत विचित्र काय आणि साधं काय हे ठरवणार कोण? जंगलातून एक पत्र आमच्याकडे यायचं, ते आम्ही चांद्याला पाठवायचो, चांद्याहून ते त्याच जंगलात माहितीसाठी जायचं. मी चकती काढायचो. साहेब एकदा मला शाबास म्हणाले. मी त्यांच्यासमोरच चकती काढली, खिडकीकडे पाहिलं, परत चकतीकडे पाहिलं. जागा होतो. साहेबांनी शाबास परत घेतलं.

शेजाऱ्यांना वाटलं मानेचा विकार आहे. एकानं एरंडेल सांगितलं, एकीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्यानं तर दोन्ही एकदम करावं असं सुचवलं. भागीरथाला मात्र फार लागलं.

"अवो, मी खरी आहो ना?"

"आहेस ना."

"मंग सकाळी मले पायल्यापायल्या चकती काऊन पायता?"

मी चकती खिशात घातली. त्या आठवड्यात भाजीला मीठ नव्हतं, आणि मी चकती काढली नाही. तेवढी अक्कल मला जागेपणी आहे.

आई त्या दिवसांत दोनदा आली. दोन्ही वेळा छत्री. खिसा आठवला नाही, खूण आठवली नाही. दुसऱ्या वेळी तर बैलसुद्धा बोलला. तो आईच्या बाजूनं होता. मी म्हटलं, असेल.

दिवाळीला रजा काढून मी गावी निघालो. आईच्या घरात झोपलो तर विद्या लवकर साधेल, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. वाटेत जंगल नाका आहे. तिथं जंगू नावाचा नाकेदार मोटार थांबवून सामान तपासतो. त्यानं माझ्या लोंबत्या खिशाकडे पाहिलं.

"हे काय हाय, बाबू?"

"चकती."

"ते दिसून राह्यलं. शिक्का सरकारी हाय. लाकूड कुठी हाय?"

"लाकूड डेपोत आहे."

"लाकूड डेपोत आन् शिक्का खिशात? हे उलटं कसं?"

मोटारीतले सगळे ऐकत होते. मी आवाज खाली घेतला. "मी जागा आहे का झोपेत, ते मी हिच्यावरून पाहतो."

जंगूनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चकतीकडे. "मंग आत्ता काय हाय?"

"आत्ता जागा आहे."

"मंग बरं झालं. झोपलेल्या माणसाले पास देता येत नाई. उतरा खाली."

लाकूड नेण्याचा पास झाला. साग, नग एक, लांबी बोटभर, कोठून अहेरी, कोठे नागभीड, कारण घरगुती. मोटारवाला भोंगा वाजवत होता. मी स्वतः असले शेकडो पास लिहिलेले आहेत. समोरून ते इतके मानहानीचे दिसतात, हे मला माहीत नव्हतं.

गावी धानाची कापणी चालू होती. सुगंधाबाईला मी परत विचारलं, नक्की काय म्हणाली? ती म्हणाली, "आता कितीदा सांगू, भाऊ? का ते, एवढंच. पन एक आठवते. म्हनताना हासून राह्यली होती थोडी." हे ती आधी कधी बोलली नव्हती. हसत होती म्हणजे कुंपण नाही. कुंपणाला कोणी हसत नाही. रोज दुपारी मी आईच्या घरात, उखडलेल्या चुलीशेजारी, चकती छातीवर ठेवून झोपलो. आई आली नाही. तिच्या घरी ती नव्हती आणि मी होतो, ह्याचं मला फार वाईट वाटलं. चकतीचं ओझं मात्र छातीवर रोज होतं.

परत येताना जंगूनं पास पाहिला. "हा त जान्याचा पास हाय. येन्याचा कुठी हाय?"

"अरे, गेलेली वस्तू परत येणारच ना?"

"सगळी येते का, बाबू?" जंगू म्हणाला, आणि चकती जप्त करून घेतली.

(फुली. चिंच. फुली. इथून पुढे मी वरचेवर बघणार आहे.)

अहेरीला उतरलो तो सरळ डेपोत गेलो. दोन दिवस छोट्या रुळांची आगगाडी आणि मोटार, डोळे मिटत होते, खिसा हलका होता. त्या रजेत राज्य बदललं होतं. आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. हे मला माहीत होतं, गावात लोक बोलत होते. पण राज्य बदललं की आमच्या डेपोतला हातोडाही बदलतो, आणि फुलीचा त्रिकोण होतो, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. त्याचं परिपत्रक माझ्या टेबलावर माझी वाट पाहत होतं.

सवयीनं मी पहिल्या थप्पीकडे पाहिलं. गोलात फुली. मान वळवली. नदीच्या बाजूला पाहिलं. चालत चालत दोन पावलं पुढे आलो होतो. परत पाहिलं.

गोलात त्रिकोण.

परत पाहिलं. त्रिकोण. मागं पाहिलं. फुली. पुढे त्रिकोण.

त्या क्षणी मला जे वाटलं ते कोणाला वाटू नये आणि एकदा तरी वाटावं. अंगावर काटा आला. साधलं! हे स्वप्न आहे, आणि मला ते कळलेलं आहे. म्हणजे आई इथंच कुठंतरी आहे.

मी शोधायला लागलो. साल काढणाऱ्या बायका बसल्या होत्या. एकेकीच्या समोर वाकून मी चेहरा पाहिला. सोनीबाई नावाची बाई म्हणाली, "मी तुमची आई नोहो, बाबू. मले माहेच चार पुरते." स्वप्नातलं माणूस असंच बोलणार, मी मनावर घेतलं नाही. तेवढ्यात साहेब आले. बरोबर नव्या राज्याचे कोणी पाहुणे होते, टोपी घातलेले.

"ईश्वर, रजा संपली का?"

"तुम्ही बाजूला व्हा," मी शांतपणे म्हणालो. "तुम्ही उगाच आलात. तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"काय?"

"तुम्ही नाहीच आहात. हेही नाहीत." मी टोपीवाल्यांकडे बोट केलं. "आई कुठी आहे?"

साहेब काही बोलले नाहीत. हेही मला पुरावा वाटला. जागेपणी साहेब गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. मग मी सगळ्यांत उंच थप्पीवर चढलो, कारण वरून डेपो पूर्ण दिसतो. हातांचा द्रोण केला आणि हाका मारल्या. "आई! आई गं!" खाली करवत थांबली. सगळा डेपो वर बघत होता. आई नव्हती. नदीकडून एक बाई डोक्यावर भारा घेऊन येताना दिसली. चाल तीच होती, जरा डावीकडे झुकलेली. मास्तरांनी सांगितलं होतं, स्वप्नात माणूस पडत नाही, तरंगतो. मी तिच्या दिशेनं पाऊल टाकलं.

तरंगलो नाही.

पडताना माझ्या डोळ्यांसमोरून एक सबंध लाकूड गेलं. त्याच्या एका टोकाला फुली होती आणि दुसऱ्या टोकाला त्रिकोण, आणि ते पूर्ण जागं लाकूड होतं.

ती बाई कोण होती ते मी विचारलं नाही. वारलूभाऊनं मला उचललं. "बाबू, मी हाक मारून राह्यलो होतो ना, हातोडा बदलला म्हून!" तो म्हणाला. "आयकाल तवा ना."

पाय मांडीपर्यंत प्लास्टरात गेला. खुलासा मागवण्यात आला: आपण साहेबांस 'तुम्ही नाहीच आहात' असे म्हणालात काय, आणि असल्यास कोणत्या आधारे? मी चार पानी उत्तर लिहिलं, आईसह. हेडक्लार्क ते घेऊन घरी आले, खाटेशी बसले, आणि चांगुलपणानं म्हणाले, "इसरूभाऊ, हे पाठवू नका. खात्यात दोनच कारणं चालतात, ताप नाहीतर दारू. स्वप्न कुठी बसवू मी?" मी ताप घेतला. साहेबांनी शेरा मारला, उन्हाची झळ. नोव्हेंबरात. तेव्हापासून डेपोत कोणी बोलता बोलता थांबलं, की दुसरा विचारतो, "मी आहो ना रे?" आणि सगळे हसतात. मीही हसतो. थोडं उशिरा.

जंगू चकती परत द्यायला स्वतः आला. जप्तीचं काम संपलं, म्हणाला. जुना शिक्का आता कोणाचाच नाही, त्याला पासही लागत नाही. भागीरथानं ती दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली.

आणि मग, खाटेवर पडल्या पडल्या, रविवार नसलेल्या एका दुपारी, आई आली.

उंबऱ्याशी बसली. सूप घेतलं. "इसरू, माही छत्री..."

माझी नजर आपोआप दुधाच्या भांड्याकडे गेली. झाकणावर फुली होती. मी चिंचेकडे पाहिलं. परत पाहिलं. फुलीच्या जागी चूल होती. लहानशी, पेटलेली.

कळलं मला. पूर्ण कळलं. पाय दुखत नव्हता, तेही कळलं.

"आई, हे स्वप्न आहे."

"असंन," आई म्हणाली.

"तू गेली आहेस."

"गेली असंन."

"जाताना म्हणालीस, इसरूले सांगजो का ते. ते काय?"

सूप थांबलं. आईनं विचार केला. "कुंपणाचं पाय," ती म्हणाली. "मंग, सुनेले नीट वागव. मंग ते चुलीखाली..."

"हे सगळं मला माहीत आहे."

"मंग? तुले जे माहीत तेच मले माहीत, बापा. दुसरं मी आणू कुठून?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. एवढं नीट मी तिला जिवंतपणी पाहिलं नव्हतं. डाव्या गालावरचा तीळ. मान वळली, सवयीनं, मी वळवली नाही. परत पाहिलं. तीळ उजव्या गालावर होता.

तिचा तीळ कोणत्या गालावर होता, हे मला आठवत नाही. भागीरथाला विचारलं, ती म्हणाली, डाव्या. सुगंधाबाईला निरोप पाठवला, तिनं कळवलं, तीळ नव्हताच, तो देवीचा व्रण होता.

प्लास्टर निघालं, पण विद्या गेली नाही. पोहणं विसरता येत नाही, तसं हे. आता आई आली की मला पहिल्या झटक्यात कळतं. मी बसलेला असतो, ती बसलेली असते, आणि दोघांच्या मध्ये ते कळणं बसलेलं असतं, पाहुण्यासारखं, उठायचं नाव घेत नाही. पूर्वी मला महिन्यातून एखादी दुपार आई मिळायची. भांडायची, खोटं बोलायची, बैलाला आपल्या बाजूनं घ्यायची. ती खरी नव्हती हे मला चहाच्या वेळी कळायचं. तोपर्यंत अर्धी दुपार खरीच असायची ना?

मास्तरांना विचारलं, हे उतरवायची युक्ती आहे का? ते म्हणाले, साधूला विचारायला हवं. साधू जत्रेनंतर दिसलेला नाही.

गेल्या रविवारी ती आली. मी झाकणाकडे पाहिलं नाही. चिंचेकडे पाहिलं नाही. तिच्या गालाकडे तर नाहीच नाही. खाली, तिच्या पायांजवळ सांडलेल्या कोंड्याकडे पाहत राहिलो. ती छत्रीचं नाव काढेना. सूप नुसतं हातात. तिला माझं कळणं कळलं होतं.

मग मीच सुरुवात केली.

"आई, ते छत्री तूच सुगंधाबाईले दिली होती."

मग सूप हललं.

"मी काऊन देईन?" ती म्हणाली. "बाजारात तूच इसरून आला. वरून मलेच म्हणून राह्यला."

"मी नाई इसरलो."

"इसरला."